बारा मार्चची दुपार : नॅली खटला समुपदेशनाच्या वर्गात

केनेथ नॅली या चोवीस वर्षांच्या तरुणाने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात जीव दिला आणि आईवडिलांनी त्याच्या मंडळीवर, म्हणजे चर्चवर, आणि तिथल्या पाळकांवर दावा लावला. तो हा नॅली खटला. तो वर्गात काढला की पाचव्या मिनिटाला दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पाळकांनी पोराला फक्त बायबल वाचायला लावले, डॉक्टरकडे जाऊ दिले नाही आणि तो गेला. दुसरा म्हणतो, कोर्टाने मंडळीला सोडून दिले, विषय संपला. दोघांनीही निकालपत्र वाचलेले नसते. पहिल्याचे म्हणणे कागदपत्रांसमोर टिकत नाही, आणि कोर्टापुढे नेमका प्रश्न कोणता होता हे दुसऱ्याला ठाऊक नसते.

मी पाळकीय समुपदेशन शिकवतो. समोर बसलेली मुलेमुली पदवी घेऊन आलेली असतात. कुणी जालन्याकडचे, कुणी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात दोन-तीन वर्षे रविवारची उपासना चालवून आलेले. त्यांच्या गावी घरात काही बिनसले की पहिली हाक पाळकसाहेबांना जाते, दुसरी जमले तर डॉक्टरला. मनोविकारतज्ज्ञाचा नंबर त्यानंतरचा, आणि तोही जिल्ह्याच्या ठिकाणी. म्हणून कॅलिफोर्नियातले १९७९ सालचे हे प्रकरण त्यांना परके वाटत नाही. 'कायदा आणि नीतिमत्ता' या घटकात ते टाकून मोकळे होता येते. मी ते ऐकण्याच्या सरावात घेतो, कारण माझ्या मते त्यात कायद्यापेक्षा एका दुपारी कानावर पडलेले एक वाक्य मोठे आहे.

शिकवायचे कसे, यावरचे भांडण

केनेथ नॅली ज्या वर्षांत कॉलेजात होता त्या वर्षांत ख्रिस्ती समुपदेशन शिकवायचे कसे, यावर अमेरिकेत भांडण पेटलेले होते. ते समजल्याशिवाय पुढची माणसे तशी का वागली ते कळत नाही.

जुना मार्ग रुग्णालयातून जायचा. अँटन बॉयसन हे पाळक स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आलेले. १९२५ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेले. जिवंत माणूस हाही एक दस्तऐवज आहे, ग्रंथाइतक्याच काळजीने तो वाचायला शिका, असे त्यांचे सांगणे. त्यातून 'क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन' उभे राहिले. तिथले मुख्य हत्यार म्हणजे व्हर्बेटिम. विद्यार्थी रुग्णाला भेटून येतो आणि झालेले बोलणे आठवून शब्दाला शब्द लिहून काढतो. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, मधे कोण गप्प बसले, त्या क्षणी माझ्या पोटात काय झाले, सगळे कागदावर. मग मार्गदर्शक आणि बाकीचे विद्यार्थी त्या कागदाची चिरफाड करतात. दीड पानाच्या व्हर्बेटिमवर दीड तास जातो. माणसाला स्वतःची चूक इतकी जवळून दाखवणारे दुसरे साधन मला अजून सापडलेले नाही.

दुसरा मार्ग मानसशास्त्र आणि धर्मशास्त्र एका छपराखाली आणण्याचा. पॅसाडेनाच्या फुलर सेमिनरीने (सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारे धर्मशास्त्र महाविद्यालय) १९६५ मध्ये मानसशास्त्राची पदव्युत्तर शाळाच काढली. रोझमीड नावाची अशीच एक शाळा १९७७ मध्ये ला मिराडाच्या बायोला कॉलेजात सामील झाली. दोन्ही ठिकाणे लॉस एंजेलिसच्या परिसरातली.

तिसरा मार्ग जे अ‍ॅडम्स यांचा, आणि तो या दोन्हींवर तुटून पडणारा. अ‍ॅडम्स प्रेस्बिटेरियन पाळक आणि फिलाडेल्फियाजवळच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत प्राध्यापक. १९६५ च्या उन्हाळ्यात ते ओ. होबार्ट मॉवरर यांच्या हाताखाली काम करून आले. गंमत अशी की मॉवरर पाळक नव्हते. ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे माजी अध्यक्ष, आणि फ्रॉइडवर चिडलेले. अपराधभाव खोटा नसतो, माणूस खरोखर चुकलेला असतो, हे सूत्र अ‍ॅडम्सनी तिथून उचलले आणि बायबलच्या पायावर ठेवले. १९७० मध्ये त्यांचे 'कॉम्पिटंट टू काउन्सेल' (समुपदेशनास समर्थ) हे पुस्तक आले. त्याचे नावच बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १५:१४ वर बेतलेले, जिथे प्रेषित पौल विश्वासणाऱ्यांना म्हणतो की तुम्ही एकमेकांना बोध करण्यास समर्थ आहात. मूळ ग्रीक क्रियापदावरून या पद्धतीला 'नूथेटिक' म्हणू लागले. आपल्या मराठी बायबलातला 'बोध' त्याला चपखल बसतो, आणि 'बोध करणे' या शब्दाचा आपल्याकडे जो जरासा कडक, बोट दाखवून बोलण्याचा वास येतो तोही. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाकडे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले होते, १९७६ मध्ये समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संघटना निघाली. २०१३ मध्ये नाव बदलून तीच आजची 'एसीबीसी' झाली.

अ‍ॅडम्सच्या नकाशात एक गोष्ट पक्की होती. शरीराचा बिघाड डॉक्टरचा, आणि डॉक्टरशी नीट सहकार्य करायचे. जगण्याचे प्रश्न पाळकाचे. मधल्या पट्ट्यात, जिथे मनोविकारतज्ज्ञ उभा असतो, तिथे त्याला जवळजवळ जागाच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीन आठवडे

केनेथ कॅथलिक घरातला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना १९७३ मध्ये प्रेमभंगानंतर खचला आणि मित्रांजवळ अधूनमधून मरणाचे बोलू लागला. त्याच सुमारास तो प्रॉटेस्टंट झाला आणि १९७४ पासून सन व्हॅलीतल्या ग्रेस कम्युनिटी चर्चमध्ये जाऊ लागला. घरात त्यावरून वाद झाले. ही मंडळी लहान नव्हे. दहा हजारांहून अधिक माणसे, सुमारे तीस समुपदेशक, आणि व्यासपीठावर जॉन मॅकआर्थर, ज्यांचे नाव पुढे अमेरिकेभर झाले. व्यावसायिक उपचार इथे दिले जात नव्हते. पाळकाबरोबर बसून शास्त्र वाचणे, प्रार्थना आणि 'शिष्यत्व' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमित भेटी, हे समुपदेशन.

१९७५ मध्ये तो एका मानसशास्त्रज्ञाकडेही जात होता, म्हणजे तो दरवाजा त्याला बंद नव्हता. १९७६ मध्ये पदवी झाल्यावर बायोलात एक सत्र काढले, मग मंडळीच्या आवारातच चालणाऱ्या सेमिनरीच्या शाखेत नाव घातले. थोडक्यात, समुपदेशकाच्या खुर्चीत बसण्याची तयारी करणाराच हा मुलगा होता. माझ्या वर्गातले विद्यार्थी इथे जरा सावरून बसतात. १९७८ च्या सुरुवातीला एका पाळकाबरोबर पाच भेटी झाल्या आणि त्याचा रस संपल्यावर थांबल्या. डिसेंबरमध्ये दुसरे प्रेम तुटले.

फेब्रुवारी १९७९ मध्ये तो आईला म्हणाला, मला झेपत नाही. आईने डॉक्टर गाठला. त्याने नैराश्यावरचे औषध दिले, तपासण्या सांगितल्या, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले नाही. दुसऱ्या डॉक्टरनेही नाही. रविवार, ११ मार्चला केनेथने जीव देण्याचा पहिला प्रयत्न केला. आईवडिलांना तो दुसऱ्या दिवशी सापडला, रुग्णालयात पोचला, वाचला. आईवडिलांनी तिथल्या डॉक्टरला विनंती केली की विचारणाऱ्यांना न्यूमोनिया म्हणून सांगा. न्यूमोनिया खरेच झाला होता, फक्त तो कशामुळे झाला ते झाकायचे होते. वर्गात हे वाचताना कुणी हसत नाही. आपल्यापैकी कोणी तसे सांगितले नसते, असे म्हणायची कुणाची छाती होत नाही.

त्याच सोमवारी, १२ मार्चच्या दुपारी, मॅकआर्थर आणि आणखी एक पाळक त्याला भेटायला गेले. तो अजून गुंगीत होता. दोघांना वेगवेगळे, स्वतंत्रपणे, तो एकच गोष्ट म्हणाला : प्रयत्न फसला याचे वाईट वाटते.

दोघांनी ते ऐकले. दोघांनीही ते कुणाला सांगितले नाही. निकालपत्रातून दिसते ते असे की रुग्णालयातल्या सगळ्यांना त्याची अवस्था माहीत असणारच, असे त्यांनी गृहीत धरले.

चार दिवसांनी तिथल्या मनोविकारतज्ज्ञाने तपासले आणि मनोरुग्णालयात स्वतःहून भरती व्हायचा सल्ला दिला. केनेथला ते नको होते, वडिलांनाही नको होते. मग बाहेरून उपचार घ्यायच्या बोलीवर सोडायचे ठरले. असा रुग्ण पुन्हा प्रयत्न करू शकतो, हे मनोविकारतज्ज्ञाने वडिलांना स्पष्ट सांगितले. शनिवारी १७ तारखेला तो बाहेर आला आणि घरी जायचे नाही म्हणून मॅकआर्थर यांच्या घरी राहिला. मॅकआर्थरनी त्याला मनोविकारतज्ज्ञाच्या भेटी चुकवू नकोस असे सांगितले आणि मंडळीत डीकन (सेवेकरी पदाधिकारी) असलेल्या एका डॉक्टरकडे तपासायला पाठवले. त्या डॉक्टरला तो अजून धोक्यात वाटला. त्यानेही भरतीचा सल्ला दिला. केनेथने तिथल्या तिथे नाही म्हटले. डॉक्टरने वडिलांना फोन केला.

इथे पहिला तट गप्प होतो. 'पाळकांनी डॉक्टरपासून तोडले' हे चित्र या कागदांतून उभे राहत नाही. कोर्टाने पुढे नोंदवले की पहिल्या प्रयत्नानंतरच्या आठवड्यांत पाच डॉक्टर आणि एक मनोविकारतज्ज्ञ त्याला पाहून गेले होते. मदत कमी पडली असे म्हणता येत नाही. ती विखुरलेली होती. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा, आणि तुकडे एका टेबलावर मांडणारा कुणीच नाही.

एक धर्मशास्त्रीय प्रश्न

मृत्यूच्या अकरा दिवस आधी केनेथ समुपदेशन विभागातल्या एका पाळकाला भेटला आणि त्याने विचारले : आत्महत्या करणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे तारण (उद्धार) होते का?

पाळकाने त्याला सेमिनरीतल्या शिक्षणाची आठवण दिली. एकदा तारण झाले की ते कायमचे, हे मान्य केले. मात्र अशा दिशेने विचार करणे चूक आहे, असेही बजावले. नंतर शारीरिक तपासणीसाठी एका डॉक्टरची वेळ घेऊन दिली. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले नाही.

माझा अर्धा तास या पाच वाक्यांवर जातो. विद्यार्थी पहिल्यांदा उत्तराची धर्मशास्त्रीय शुद्धता तपासू लागतात. मिळालेले तारण जात नाही असे मानणाऱ्या कॅल्विनच्या परंपरेतला म्हणतो बरोबर, ते गमावता येते असे मानणाऱ्या मेथडिस्ट घरातला म्हणतो चूक, आणि पाहता पाहता वर्ग तारणाच्या शाश्वतीवर घसरतो. मी घड्याळ बघत त्यांना दहा मिनिटे भांडू देतो. मग विचारतो, हा प्रश्न कुणी विचारला? दहा दिवसांपूर्वी मरता मरता वाचलेल्या माणसाने. मग हा प्रश्न तारणाचा आहे का?

प्रश्नाच्या पोटात आणखीही काही होते, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, निकालपत्रात नाही. केनेथ कॅथलिक घरात वाढला. त्या वेळी लागू असलेल्या कॅथलिक धर्मसंहितेत, १९१७ च्या, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचे दफन नाकारलेले होते. १९८३ च्या नव्या संहितेतून तो उल्लेख गेला. लहानपणी कानावर पडलेली ती भीती आणि सेमिनरीत शिकलेले ते आश्वासन, या दोन टोकांमध्ये उभा राहून तो विचारत असेल. आणि अशा वेळी अचूक आश्वासन दिले तर ते कुठे जाऊन बसते? आपल्याकडेही जीव दिलेल्या माणसाच्या मातीला पाळकाने जावे की नाही, यावरून मंडळीत घोळ झालेले मी पाहिले आहेत. त्यामुळे प्रश्न ऐकला की आपण लगेच नियम शोधायला धावतो. नियम माहीत असणे हीच इथे अडचण ठरते. ज्याला उत्तर येते तो उत्तर देतो. ज्याला येत नाही तो कदाचित विचारेल, 'तू हे का विचारतोयस? मरायचं मनात आहे का? कधी, कसं, काही ठरवलंयस का?'

असे सरळ विचारले तर डोक्यात नसलेले खूळ घालू, ही भीती माझ्या प्रत्येक बॅचला असते. ती निराधार आहे. थेट विचारल्याने कुणी आत्महत्येकडे ढकलला जात नाही. उलट, इतके दिवस आत कोंडलेले बोलायला एक माणूस मिळतो. नॅलीच्या शहरात हे ज्ञान नवे नव्हते. एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फारबेरो यांनी १९५८ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढले होते, आणि केनेथ यूसीएलएत शिकत होता तेव्हा श्नाइडमन तिथे प्राध्यापक होते. शहर एकच, पण एका इमारतीतले ज्ञान दुसऱ्या इमारतीत पोचत नव्हते.

आणि शारीरिक तपासणीची ती वेळ. तिच्यात हलगर्जीपणा शोधू नका. मला तिथे नकाशा दिसतो. शरीर डॉक्टरकडे, बाकीचे शास्त्राकडे. नकाशावर जे गाव नाही तिथे माणसाला पाठवायचे कसे? पाळकाने जे केले ते त्या काळच्या अशा शिक्षणाशी प्रामाणिक राहून केले, असे मी मानतो. म्हणूनच हे प्रकरण शिक्षणाच्या वर्गात यायला हवे.

काही दिवसांनी केनेथ घरी परतला. एका मानसशास्त्रीय क्लिनिकमध्येही जाऊन आला. घरी खटका उडाला, तो निघून गेला, आणि १ एप्रिलला त्याने जीव दिला. वय २४. पहिल्या प्रयत्नापासून बरोबर तीन आठवडे, पुन्हा रविवारच. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे आज मानसिक आरोग्याच्या कुठल्याही प्राथमिक प्रशिक्षणात सांगतात.

कोर्टाने काय ठरवले, काय ठरवले नाही

१९८० मध्ये आईवडिलांनी मंडळी आणि चार पाळकांवर दावा लावला. पाळकांच्या व्यावसायिक निष्काळजीपणाचा असा खटला अमेरिकेला नवा होता. पुढची आठ वर्षे तो झोके खात राहिला. खालच्या कोर्टाने सुनावणीआधीच निकाली काढला, अपील न्यायालयाने १९८४ मध्ये परत पाठवला. १९८५ मध्ये आईवडिलांच्या बाजूचा पुरावा संपताच न्यायाधीशांनी दावा फेटाळला, १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तेही फिरवले. शेवटी २३ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळीच्या बाजूने निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती माल्कम ल्यूकस यांनी तो लिहिला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला.

प्रश्न अरुंद होता : परवानाधारक उपचारक नसलेल्या समुपदेशकावर, आत्महत्येचा धोका दिसल्यास तज्ज्ञाकडे पाठवण्याचे कायदेशीर कर्तव्य आहे का? न्यायालय म्हणाले, नाही. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाबाबत रुग्णालयाची जी विशेष जबाबदारी असते ती इथे लागत नाही. विधिमंडळानेच धर्मसेवकांना मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यातून वगळलेले आहे. इतके पंथ, इतक्या शिकवणी, त्यांत पाळकाने किती काळजी घ्यायची याचे एकच माप कोर्ट कसे ठरवणार? आणि असे कर्तव्य लादले तर फुकटात मिळणारी आणि जवळची मदत देणारे लोकच मागे सरतील.

दोन न्यायमूर्तींनी निकाल मान्य करूनही वेगळे मत लिहिले, आणि माझ्या मते तेच वर्गात वाचण्यासारखे आहे. न्या. कॉफमन यांचे म्हणणे असे की या मंडळीने गंभीर भावनिक प्रश्न, अगदी आत्महत्येपर्यंतचे, हाताळायला आपण समर्थ आहोत असे स्वतःहून जाहीर केले होते. ज्याने असे म्हटले त्याच्यावर कमीत कमी कर्तव्य येतेच. या प्रकरणात ते मोडल्याचा पुरावा नाही, इतकेच. म्हणजे दोष नाही, पण 'समर्थ आहोत' हे शब्द फुकट नाहीत. अ‍ॅडम्सच्या पुस्तकाचे नाव ज्या वचनावरून आले, त्यातला 'समर्थ' हाच शब्द अठरा वर्षांनी कोर्टात येऊन उभा राहिला.

एका ध्वनिफितीचा वादही झाला. त्याच विभागातल्या पाळकाने मृत्यूनंतर दिलेल्या शिकवणुकीच्या त्या मुद्रणात असे वाक्य होते की आज्ञा मोडणाऱ्या विश्वासणाऱ्याला प्रभू घरी नेतो, त्यातला एक मार्ग म्हणजे आत्महत्या. आईवडिलांच्या वकिलांना ते ज्युरीला ऐकवायचे होते. घटनेनंतरचे मुद्रण म्हणून ते पुराव्यात आले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. समुपदेशक घडवणाऱ्या माणसाला मात्र ते वाक्य कानाआड करता येत नाही. केनेथने ते ऐकले नव्हते, पण पुढच्या तुकडीने ऐकले असणार.

दुसऱ्या तटाला मी इतकेच म्हणतो की 'कर्तव्य नव्हते' आणि 'योग्य केले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. कोर्टाने पहिलेच लिहिले.

नंतरची शाळा

खटला चालू असतानाच, १९८५ मध्ये मॅकआर्थर एका ख्रिस्ती कॉलेजचे अध्यक्ष झाले, त्याचे नाव 'मास्टर्स' पडले. पुढच्या वर्षी मंडळीच्या आवारात सेमिनरी उघडली. आज त्या विद्यापीठात बायबल-आधारित समुपदेशनाची एम.ए. आहे. ही चळवळ आता कडेला राहिलेली नाही. केंटकीतल्या लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीत वेन ओट्स यांनी पाळकीय काळजी आणि मानसशास्त्र यांची सांगड घालणारी परंपरा उभी केली होती. 'वर्कहॉलिक' हा शब्द रूढ करणारे ते हेच. त्या सेमिनरीनेही २००५ मध्ये दिशा बदलून बायबल-आधारित समुपदेशन धरले. अशा पदव्यांवर सरकारी परवाना मिळत नाही, आणि बहुतेक विद्यार्थी तो मागतही नाहीत.

पण नकाशा तसाच राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एसीबीसीच्या प्रमाणपत्राला आज लेखी परीक्षेशिवाय देखरेखीखालचे पन्नास तासांचे समुपदेशन लागते. अ‍ॅडम्सनंतरच्या पिढीने, त्यात डेव्हिड पाउलिसन मुख्य, दुःख भोगणाऱ्या माणसाकडे केवळ पापी म्हणून बघण्याची सवय बरीच मोडून काढली. मला तरीही एक हिशेब खटकतो. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचे एक युनिट ४०० तासांचे असते. पन्नास आणि चारशे यांत फरक आहे, आणि तो फरक बहुतांशी त्या खोल्यांचा आहे जिथे आपल्याला बोलता येत नाही, नुसते ऐकावे लागते.

माझ्या विद्यार्थ्यांना यातले एक अगदी व्यवहाराचे हवे असते : पाळकाला विश्वासाने सांगितलेले वडिलांना सांगायचे का? सांगायचे, पण त्याची सोय पहिल्या भेटीतच करून ठेवायची. 'तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, फक्त जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही', हे आधीच बोललेले असले की नंतर विश्वासघात वाटत नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आहे, त्यामुळे 'पोलीस केस होईल' या धास्तीने लपवण्याचे कारण उरलेले नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी फळ्यावर लिहितो आणि प्रत्येकाला तिथेच मोबाइलमध्ये भरायला लावतो. 'नंतर करतो' म्हणणाऱ्याला तास संपेपर्यंत सोडत नाही.

आणि एलीया. कुणी ना कुणी बायबलातला १ राजे, अध्याय १९ काढतोच. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागणारा संदेष्टा. मी विचारतो, देवदूताने पहिले काय केले? भाकर आणि पाणी. मग? झोपू दिले. मग पुन्हा भाकर. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर येतो.

व्हर्बेटिम

शेवटच्या तासाला मी बॉयसनच्या परंपरेतले हत्यार अ‍ॅडम्सच्या परंपरेतल्या प्रकरणावर चालवतो. प्रत्येकाने १२ मार्चच्या दुपारचा व्हर्बेटिम लिहायचा, जणू रुग्णालयात तो स्वतः गेला होता. पहिली ओळ दिलेली : 'वाचलो, याचं वाईट वाटतं.' पुढचे तुमचे.

पहिले खर्डे बहुतेक सारखे येतात. 'असं बोलू नकोस बाळा, देवाची तुझ्यासाठी योजना आहे.' मग एक वचन, मग प्रार्थना, मग आमेन. रुग्णाच्या तोंडी त्यानंतर एकही वाक्य नसते. मी ते मोजून दाखवतो : पाळकाची अकरा वाक्ये, केनेथचे एक. एका मुलीने लिहिले होते, पाळक खुर्ची पलंगाजवळ ओढतो आणि म्हणतो, 'अजूनही तसंच वाटतंय?' केनेथ म्हणतो, 'हो.' मग तिने कंसात लिहिले होते, 'इथे मला पळून जावंसं वाटलं.' त्या कंसाला मी पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी मी एकच गोष्ट वाढवायला सांगतो : खोलीतून बाहेर पडल्यावर काय केले ते लिहा. जालन्याकडच्या एका मुलाने, ज्याचा पहिला खर्डा निव्वळ प्रार्थना होता, या वेळी प्रार्थना तशीच ठेवली आणि खाली भर घातली : 'बाहेर आलो. काउंटरवरच्या सिस्टरला म्हणालो, तो आत्ता आत काय बोलला ते डॉक्टरांसाठी लिहून घ्या, मी थांबतो. त्याच्या वडिलांना फोन लावला.'

समासात मी लाल पेनाने लिहिले : सिस्टरचे नाव विचारलेस का?